बुरुलचं फडकं

बुरुल या नावाचा अर्थ 'वळ'. लाडानं ठेवलेलं नाव नव्हे ते. तीन मुलींच्या पाठीवर चौथीही मुलगीच झाली, तेव्हा बापानं देवाला घातलेलं साकडं होतं: आता तरी वळ आणि पुढचा मुलगा दे. देव काही वळला नाही. पाचवीही मुलगीच झाली आणि बापानं हात टेकले. बुरुल मात्र हे नाव घेऊन साठ वर्षं एका जागी राहिली. केनबुलाक या डोंगराळ गावात जन्मली, केनबुलाकमध्येच लग्न झालं, केनबुलाकच्या खाणीवर नोकरी केली, आणि खाण बंद पडली तरी खाणीच्या दारावरून उठली नाही. तिची धाकटी जाऊ म्हणते, "नाव वळ, आणि बाई जागची हलेल तर शपथ!"

ही खाण अर्धी माणसानं केलेली आणि अर्धी देवानं. हजारेक वर्षांपूर्वी कुणी चांदीच्या मागे डोंगर पोखरत आत शिरलं, आणि पोखरता पोखरता एक दिवस पहारीखालचा दगड पलीकडे पडला. पलीकडे आयतीच गुहा होती, थेट डोंगराच्या मागच्या उतारावर निघणारी. नंतर रशियन सरकार आलं, त्यानं चांदी संपली म्हणून शिसं काढलं. त्र्याण्णव साली तेही परवडेना, म्हणून दाराला कुलूप लागलं. आता माणसं बघायला येतात. शाळेचे मास्तर येतात, पेन्शनवाले येतात, लग्नाची वऱ्हाडं येतात. कधी जाड बुटांचे परदेशी येतात आणि भिंतीवरच्या काजळीचेसुद्धा फोटो काढतात.

त्यांना आत नेतो शेरमामात, बुरुलचा धाकटा दीर. दारात बसते बुरुल. तिच्यापुढे चहाचं पाणी उकळायचा एक समोवार, चहाच्या वाडग्यांची चळत, डोक्याला बांधायच्या बॅटऱ्यांची पेटी आणि एक पांढरं फडकं.

आमच्याकडे माणूस लांब निघाला, सैन्यात चालला, रशियाला मजुरीला चालला, की दारातच त्याला नानचा एक घास चावायला लावतात. उरलेला नान भिंतीला टांगतात. तो त्याचा. त्यानंच परत येऊन संपवायचा, दुसऱ्यानं तोंड लावायचं नाही. बुरुलनं ही रीत खाणीच्या दारात आणली. पहाटे तंदूरमध्ये तळहाताएवढे नान भाजायचे, आत जाणाऱ्या प्रत्येकाला एकेक चावायला लावायचं आणि चावलेले नान फडक्यावर ओळीनं मांडून ठेवायचे. माणूस बाहेर आला की आपला नान उचलणार, चहाबरोबर खाणार. फडकं रिकामं झालं की सगळे बाहेर आले. मग दाराला कुलूप.

आता कुणी विचारेल, सरळ माणसंच का नाही मोजत? तर जिती माणसं आमच्याकडे मोजत नाहीत. मेंढ्या मोजा, जर्दाळूच्या पेट्या मोजा. माणसांवर बोट रोखून एक, दोन, तीन केलं की त्यातलं एक कमी होतं, असं म्हातारे सांगत आले. खरंखोटं कुणी करून पाहिलं नाही, कारण कमी व्हायची हौस कुणाला नाही.

"जेंगे," शेरमामात तिला चिडवायचा. जेंगे म्हणजे वहिनी. "तू इथं तीस-पस्तीस वर्षं बसलीस. शहरातल्या बायका उंच टाचा घालून आत जाऊन येतात. तू एकदा तरी चल की!"

"मी आत गेले तर बाहेर कोण बसणार? तू? तुझ्या भरवशावर फडकं ठेवलं तर तू नान आधीच खाऊन मोकळा होशील."

"घाबरतेस, म्हण ना!"

"घाबरते. झालं समाधान? जा, ती माणसं खोळंबलीत."

ती खरंच घाबरत होती, आणि कारणही तसंच होतं.

खाण चालू होती तेव्हा बायकांना आत मज्जाव होता. बाईचं पाऊल पडलं की धातूची शीर आटते, अशी समजूत. बायका वर काम करायच्या. बुरुल दिव्यांच्या खोलीत होती. पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या नंबराचा दिवा द्यायचा आणि परत आला की घेऊन त्याच्या खिळ्याला टांगायचा. एक खिळा रिकामा दिसला की भोंगा वाजवायचा. खोलीच्या भिंतीवर खाणीचा मोठा नकाशा होता. दिवसभर दुसरं बघायला काही नसल्यानं तो तिला तोंडपाठ झाला होता. नियम एकच होता, दिवा ज्याचा त्याच्याच हातून घ्यायचा.

शहाऐंशीच्या वैशाखात तिला पाचवा महिना होता. सकाळी नवरा कोचकोर पाळीवर निघाला तेव्हा ती म्हणाली, "पलीकडच्या उतारावर इश्किन आली असेल नाही?" इश्किन म्हणजे वसंतात डोंगरावर येणारी आंबट देठं. मीठ लावून खातात, आणि नुसत्या नावानं तोंडाला पाणी सुटतं. कोचकोर नुसता हसला.

दुपारी पाळी सुटली. कोचकोरचा मित्र तुर्गुनबाय दोन दिवे घेऊन आला. "हा माझा, हा कोचकोरचा. येतोय तो मागून." बुरुलनं मान वर न करता दोन्ही घेतले. नवऱ्याचाच तर दिवा, त्याला कसला आला नियम! सगळे खिळे भरले. भोंगा वाजला नाही. ती घरी आली. नवरा दिसेना, तेव्हा मनातल्या मनात खूशही झाली की गेला वाटतं गुहेतून इश्किन आणायला. मीठ काढून ठेवलं.

कोचकोर खिशातल्या हातबत्तीवर गुहेतून पलीकडे निघाला होता. वाटेत एक विहिरीसारखा खड्डा आहे, तिथं तो पडला. दुसऱ्या दिवशी सापडला. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जीव होता.

भोंगा वाजला असता तर दोन तासांत सापडला असता, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. गावानं ठरवलं की तो गुहेतले स्फटिक चोरून विकायला गेला असणार. बुरुलनं कुणाचं म्हणणं खोडलं नाही. इश्किनचं नाव तिनं कुणापुढे काढलं नाही, नंतर जन्मलेल्या मुलीपुढेही नाही. सगळा राग तिनं तुर्गुनबायवर काढला. भर चौकात त्याला म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा दिवा तू का आणलास?" तो तोंडात मूग धरून उभा राहिला. सहा महिन्यांनी तो रशियाला निघून गेला, आणि ती म्हणायची, "गेला, बरं झालं, नाहीतर मीच त्याला त्या खड्ड्यात ढकलला असता."

दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. खाण बंद होऊन बघे यायला लागले, तेव्हा तिनं दिवे मोजायची गोष्टच काढली नाही. दिवा दुसऱ्याच्या हातून परत येतो. माणसाचा चावलेला नान दुसऱ्याच्या तोंडात जात नाही. अशी तिची पक्की खात्री होती, आणि पंचवीस वर्षं ती खात्री टिकली.

यंदाच्या वैशाखात खालच्या तालुक्यातून पेन्शनवाल्यांची एक मिनीबस आली. बरोबर पिरमत हाजी होते, गोरेपान, पांढऱ्या दाढीचे, मक्केला जाऊन आलेले. बसमधून उतरतानाच ते सगळ्यांना समजावत होते की पायरी उजव्या पायानं उतरावी. सगळ्यात शेवटी एक वाकलेला म्हातारा उतरला. बुरुलनं त्याला चालीवरून ओळखलं. डावा खांदा खाली टाकून चालणारा केनबुलाकमध्ये एकच होता, तुर्गुनबाय.

"बुरुल," तो जवळ येऊन म्हणाला, "ओळखलंस का?"

"चावा," बुरुलनं नान पुढे केला.

"तुझ्याशी जरा बोलायचं होतं. मी आज इथंच राहणार आहे, ड्रायव्हरला सांगितलंय."

"मागे माणसं उभी आहेत. चावायचं तर चावा, नाहीतर बाजूला व्हा."

तुर्गुनबायनं चावलं. चावलं कसलं, तोंडात दात म्हणायला दोन होते. हिरड्यांनी दाबून त्यानं कशीबशी एक कपची काढली. बुरुलनं नान फडक्यावर ठेवला. राग होता तो होताच, पण तिनं सगळ्यात मोठा वाडगा निवडून त्या नानच्या बाजूला पालथा घातला. दात नसलेल्याला कडक नान चहात भिजवूनच खावा लागतो, आणि त्याला लहान वाडगा पुरत नाही. सगळे आत गेले.

दोन तासांनी एकेक करून सगळे बाहेर यायला लागले. हसत, खोकत, गुडघे चोळत. समोवारातलं पाणी संपत आलं, म्हणून बुरुल बादली घेऊन झऱ्यावर गेली. परत आली तर फडकं रिकामं, स्वच्छ. तिनं सुस्कारा सोडला. तुर्गुनबाय दिसला नाही, पण त्याचं तिला बरंच वाटलं. गेला असेल गावाकडे, जुनी घरं बघायला.

हाजी बसमध्ये चढता चढता म्हणाले, "भगिनी, तुमच्या नानचा कणही मी जमिनीला लागू दिला नाही. शेवटी एक राहिला होता, त्यावर मुंग्या चढत होत्या. बिस्मिल्ला म्हटलं आणि खाल्ला. अन्नाचा अपमान होऊ देऊ नये."

"देव तुमचं भलं करो," बुरुल म्हणाली. तिचं लक्ष पेटीत बॅटऱ्या ठेवण्याकडे होतं.

शेरमामातही त्याच बसमध्ये चढला. खालच्या गावात कुणाच्या तरी मुलाची सुंता होती आणि पुलावाची कढई त्याची वाट बघत थोडीच थांबणार होती. "तो म्हातारा खाणकामगार कुठंय रे?" बुरुलनं विचारलं. "तो? तो अर्ध्यातच म्हणाला, मला वाट माहीत आहे, मी पुढे होतो. केव्हाच बाहेर आला असेल." बस गेली.

बुरुल वाडगे गोळा करायला बसली. चहाची पत्ती लागलेला एकेक वाडगा उचलून बादलीत टाकत गेली. शेवटी तो मोठा वाडगा हाती आला. तिनं घातला होता तसाच पालथा होता. उताणा केला, तर आत धूळसुद्धा नव्हती. कोरडा.

ती तिथंच बसून राहिली. हाजींचं वाक्य आता तिला नीट ऐकू आलं. शेवटी एक राहिला होता.

पुन्हा तेच! फडकं रिकामं, खिळे भरलेले, आणि माणूस आत. या खेपेला कुणी खोटंही बोललं नव्हतं. एका भल्या माणसानं देवाचं नाव घेऊन केलं होतं. आणि आत कोण? ज्याला खड्ड्यात ढकलीन म्हणून तिनं साऱ्या गावाला ऐकवलं होतं, तोच. बाहेर बसून राहिली असती तरी कुणी तिला बोल लावला नसता. फडकं रिकामंच होतं ना!

तिनं हाका मारल्या. घळीत फोन लागत नाही. गाव अर्ध्या तासावर, आणि शेरमामात संध्याकाळपर्यंत पुलावातून उठणार नव्हता. तिनं पेटीतून दोन बॅटऱ्या घेतल्या. दारातून पाऊल टाकता टाकता थांबली, टोपलीतला एक नान काढला आणि चावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ठेवायचा कुणाकडे? कुणी नव्हतंच. तिनं तो फडक्यात गुंडाळून दाराच्या कडीला बांधला.

आत गेल्यावर तिला आश्चर्य वाटलं ते एकाच गोष्टीचं, की सगळं ओळखीचं होतं. भिंतीवरचा नकाशा पायाखाली आल्यासारखं. इथं दोन फाटे, डावीकडे वळायचं. इथं लाकडी टेकू. हे जुन्या लोकांच्या दिव्यांचे कोनाडे, काजळी अजून बोटाला लागते. छिन्नीचे घाव सरले आणि भिंत ओली, गुळगुळीत झाली, तेव्हा तिला कळलं की माणसाचं संपलं, इथून देवाचं. ती मोठ्यानं स्वतःला शिव्या घालत चालत राहिली, कारण गप्प राहिली असती तर परत फिरली असती.

खड्ड्याला आता लोखंडी कठडा आहे. त्याला टेकून तुर्गुनबाय अंधारात बसला होता.

"कोण?"

"मी. बुरुल."

"बाई आत आली?" तो म्हणाला. "मग आटली म्हणायची खाणीची शीर."

"शीर त्र्याण्णवलाच आटली, तेव्हा मी बाहेरच होते. उठा."

"बॅटरी गेली गं. दिवा गेला की बूड टेकायचं आणि हलायचं नाही, हे आपलं जुनं शिक्षण. बसलो. म्हटलं, बुरुलला फडक्यावर माझा नान दिसेल, पाठवेल कुणालातरी."

"नाही दिसला. तुमचा नान त्या हाजीनं खाल्ला."

तुर्गुनबाय म्हणाला, "म्हणजे कोचकोरच्या दिव्यासारखं माझ्याही वाटचं दुसऱ्यानंच परत केलं."

"हो."

"मग कळलं कसं?"

"वाडगा कोरडा होता."

ती कठड्याजवळ आली. खाली बॅटरी मारायची तिची हिंमत झाली नाही. तुर्गुनबाय म्हणाला, "मी इथं बसायलाच सगळ्यांपासून वेगळा झालो होतो. आणि नंतर तुला एक सांगायचं होतं. मरायच्या आधी सांगावं म्हणून आलो. गाव म्हणतं तसा तो स्फटिक चोरायला नव्हता गेला बुरुल. तो..."

"इश्किन आणायला गेला होता," बुरुल म्हणाली. "मीच मागितली होती."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मला म्हणाला होता, बायकोचे डोहाळे आहेत, कुणाला बोलू नकोस, सगळी पाळी मला हसेल. माझा दिवा तेवढा वर दे. मी दिला. नंतर तू चौकात विचारलंस, का आणलास. काय सांगू? तुझ्या देठांपायी गेला, हे पोटुशी बाईला सांगू? म्हटलं, मला शिव्या घालतेय तर घालू दे. तेवढं तरी माझ्याकडून होऊ दे."

बुरुलला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. इथं कोण बघणार होतं! रडता रडता म्हणाली, "मी तेहेतीस वर्षं तुम्हाला शिव्या घातल्या, तुर्गुनबाय. स्वतःला घालायला लागू नयेत म्हणून."

"घातल्यास ते बरं केलंस. मी होतोच लांब. मला कुठं ऐकू येत होत्या!"

"आणि दिवा तरी मी का घेतला? तुमच्या हातून घ्यायचा नव्हता. नियम होता."

"होता खरा," तुर्गुनबाय म्हणाला. त्यानं तिला खोटा दिलासा दिला नाही, आणि ते तिला बरं वाटलं.

त्याचा एक पाय सुजला होता. तिनं त्याला खांदा दिला. येताना दहा मिनिटं लागली होती, जाताना पाऊण तास लागला. वाटेत तो प्रत्येक टेकूजवळ थांबून हा कुणी ठोकला होता ते सांगत होता, आणि ती म्हणत होती, "पुरे, चला, तुमचा इतिहास बाहेर जाऊन ऐकते."

बाहेर अजून ऊन होतं. समोवार कोमट झाला होता. बुरुलनं म्हाताऱ्याला चटईवर टेकवलं, निखाऱ्यांत दोन काटक्या घातल्या आणि कडीला बांधलेलं फडकं सोडलं. आपला चावलेला नान काढून तिनं मधोमध मोडला आणि एक तुकडा त्याच्यापुढे ठेवला. टोपलीत न चावलेले नान होते. तरी तिनं हाच मोडला.

"हा तुझा आहे," तुर्गुनबाय म्हणाला. "दुसऱ्याचा नान खाऊ नये."

"तुमचा दुसऱ्यानं खाल्ला ना? मग माझा तुम्ही खा. मोठा वाडगा कोरडा पडलाय सकाळपासून."

तिनं त्यात काठोकाठ चहा ओतला. म्हाताऱ्यानं तुकडा बुडवला, मऊ होईस्तोवर धरून ठेवला आणि खाल्ला. बुरुलनंही आपला खाल्ला. फडक्यावर काही उरलं नाही.

मग ती कुलूप घेऊन उठली. दार ओढलं, कडी घातली, आणि किल्ली फिरवायच्या आधी थांबली. रिकाम्या फडक्याकडे एकदा बघितलं. मग केनबुलाकमध्ये कुणी करत नाही ते तिनं केलं. बोट आधी तुर्गुनबायकडे केलं आणि मग स्वतःकडे.

"एक," ती मोठ्यानं म्हणाली. "दोन."

आणि तिनं कुलूप लावलं.